माफी मागणारा कॅप्टन

शनिवार, १८ जानेवारी

आज सकाळी मी सिनेमाला गेलो. एकोणपन्नास वर्षांत पहिल्यांदा!

मार्थाला सांगितलं, करवतीसाठी कानस आणायला शहरात चाललोय. येताना खरंच कानस घेऊन आलो— खोटं अगदी पूर्ण खोटं होऊ नये म्हणून. ते तर आणखीच वाईट.

साडेदहाचा, मुलांचा खेळ. तिकीट देणाऱ्या पोरीने विचारलं, "मुलं कुठायत तुमची?" म्हटलं, "पुढे गेलीत." हे दुसरं खोटं. मागच्या रांगेत भिंतीला लागून बसलो. टोपी काढली नाही. कुणी ओळखीचं भेटलं तर? मग वाटलं, आमच्या चर्चच्या मंडळीतलं कोण इथे भेटणार! आमच्या घरांत टीव्हीसुद्धा नाही, आणि मी थिएटरात.

सगळं डेलमुळे. डेल सॉ मिलमध्ये, लाकडं कापायच्या कारखान्यात, माझ्या शेजारच्या यंत्रावर असतो. मंडळीबाहेरचा. तोंडाने सैल, मनाने चांगला. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत म्हणाला, "ए साधुपुरुषा, चित्रं काढणारा किन्नुनेन कोण रे तुमच्यात? पोरांना घेऊन त्या 'कॅप्टन मिटन' कार्टून सिनेमाला गेलो होतो. शेवटी नावं येतात ना, त्यात अगदी वरच— कथा आणि पात्रं, रूबेन किन्नुनेन. अरे, काय हसलो! पोरांपेक्षा मीच जास्त. बायको म्हणाली, लोक बघतायत, गप्प बस."

मी म्हटलं, "असेल कुणी. किन्नुनेन इथे पुष्कळ आहेत."

डबा बंद करून यंत्रावर परतलो.

रूबेन माझा थोरला. सत्तावीस वर्षांचा. आठ वर्षांपूर्वी घर सोडलं, मंडळी सोडली, शिकागोला गेला. तेव्हापासून माझ्याशी बोललेला नाही. मीही त्याच्याशी नाही.

पडद्यावर नाव खरंच होतं. पांढऱ्या अक्षरांत, माणसाएवढं मोठं. दिवे लागले, झाडूवाला आला, तरी मी बसून होतो.

सिनेमाबद्दल आज लिहवत नाही.

रविवार, १९ जानेवारी

प्रभूच्या दिवशी सिनेमाबद्दल लिहू नये. पण सकाळी उपदेश चालू असतानाही मला तेच दिसत होतं, मग कागदावरच उतरलेलं बरं.

कॅप्टन मिटन हा एक गोलमटोल माणूस. नारिंगी टोपी. हातात मिटन, म्हणजे हरणाच्या कातड्याचे, बोटं वेगळी नसलेले हातमोजे— आमच्याकडे लाकडं तोडायला जाताना घालतात तसेच, पण बादलीएवढे. मोजे काढले की त्याच्या तळहातांतून हिमवादळ सुटतं. ट्रक उलटतो. पण एवढा बलवान माणूस, दारातून आत जायचं तर आधी दाराची माफी मागतो! "लागलं का तुला? मला माफ करशील ना?" सूप सांडलं तर सुपाची. कबुतर उडालं तर कबुतराची. गावात बर्फ काढायचा एक यांत्रिक नांगर बिथरलाय, लोकांच्या टपालपेट्या खात सुटलाय. कॅप्टन त्याच्यासमोर उभा राहतो आणि म्हणतो, "मी आता तुला मारणार आहे. त्याआधी मला माफ करशील ना?" नांगर बिचारा गोंधळतो. काच पुसायचे दांडे इकडून तिकडे हलवत विचार करतो. तेवढ्यात— धाड!

मुलं किंचाळत होती. माझ्या पुढच्या रांगेतला एक पोरगा हसता हसता खुर्चीवरून खालीच पडला.

मीही हसलो. एकदा. खरं तेच लिहितोय.

मग तो प्रसंग आला. कॅप्टनचा धक्का एका भट्टीला लागतो. तो मान खांद्यांत ओढून घेतो, डावा हात उजव्या कानावर नेतो आणि भट्टीला म्हणतो, "मला माफ करशील ना?"

सगळं थिएटर हसून फुटलं. तो हात, तो कान— मी हे आधी पाहिलंय. माझ्याच घरात. वर्षानुवर्षं.

त्यानंतर मी सिनेमात स्वतःला शोधत राहिलो. म्हटलं, खलनायक केला असेल मला. तसं नाही. गावात एक नगराध्यक्ष आहे, दातांची डॉक्टरीण आहे, एक आंधळा कुत्रा आहे. कॅप्टनची आई मासे पकडायचं आमिष विकते. बाप? बापाचं नावही कुणी काढत नाही. भिंतीवर फोटोसुद्धा नाही.

मंगळवार, २१ जानेवारी

दिवसभर मोठ्या पट्ट्याच्या करवतीला धार लावत होतो. चारशेच्या वर दाते. एकेक दाता, कानशीचा एकेक हात. या कामात डोकं मोकळं राहतं. एरवी मला ते आवडतं. आज नको वाटलं.

लिहून टाकतो.

रूबेन नऊ वर्षांचा होता. शेजाऱ्यांकडे टीव्हीवर उडणाऱ्या, मारामारी करणाऱ्या वीरांची चित्रं बघून आला होता. मग त्याने एक वही भरली. शाळेची निळी वही. तिच्यात एकच माणूस, पानापानावर— मोठे हातमोजे, नारिंगी टोपी. नारिंगी टोपी माझी होती. शिकारीला जाताना घालतो ती. हे तेव्हा मला कळलं नाही. परवा थिएटरात कळलं!

त्याच सुमारास मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी मला बाजूला घेतलं होतं, ट्रकमध्ये रेडिओवर गाणी लावतो म्हणून. मी मान खाली घालून माफी मागितली होती, ती मिळालीही होती. पण आतून चिडलो होतो. मला सिद्ध करायचं होतं की माझं घर स्वच्छ आहे. एकतीस वर्षांचा होतो. त्या वयात माणूस स्वतःच्या घराकडे दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघतो.

शनिवार होता. सौना, आमची फिनिश लोकांची वाफेची न्हाणी, तापत होता. मी वही सौनाच्या भट्टीत टाकली. त्याला शेजारी उभं करून. कुणी मला तसं सांगितलं नव्हतं. मार्था दारात टॉवेल घेऊन उभी होती.

मग मी त्याला म्हटलं, "आता माफी माग."

आमच्यात ही रीत आहे. चुकलं की त्या माणसाकडे जाऊन विचारायचं— मला माफ करशील? समोरच्याने म्हणायचं, प्रभूच्या नावाने आणि रक्ताने तुझ्या पापांची क्षमा झाली, असा विश्वास धर. नवरा-बायको, आई-लेक, मालक-नोकर, सगळे. मला ही रीत जगातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटत आलीय. आजही वाटते.

रूबेनने विचारलं. मी त्याच्या मानेवर हात ठेवून क्षमा दिली.

कशाची?

गुरुवार, २३ जानेवारी

तापमान उणे अठ्ठावीस. ट्रक सुरू व्हायला तयार नव्हता. डेलने विचारलं, "मग? बघितलास का तो सिनेमा?" मी नाही म्हटलं. तिसरं खोटं.

शनिवार, २५ जानेवारी

पुन्हा गेलो.

या वेळी मोजलं. कॅप्टन एकतीस वेळा माफी मागतो. एकदाही त्याला कुणी उत्तर देत नाही. नांगर नाही, दार नाही, आईसुद्धा नाही— ती म्हणते, "पुरे रे, सूप गार होतंय."

माझ्या शेजारी एक बाई, मांडीवर पाच-सहा वर्षांची मुलगी. मुलगी सारखी कुजबुजत होती. "आई, तो सारखं असं का विचारतो?"

"गंमत म्हणून, राणी."

"मग त्याला कुणी हो का म्हणत नाही?"

"बघ बघ, नांगर आला!"

मुलीने नांगराकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे तोंड फिरवलं.

रविवार, २६ जानेवारी

रात्रभर एकच आठवत राहिलं, आणि हेच खरं लिहायचं होतं. वही जाळणं हे निम्मंच.

त्या शनिवारनंतर रूबेन माफी मागू लागला. रोज. दूध सांडलं— माफ करशील, बाबा? न सांडता— माफ करशील? कुत्रा भुंकला तरी. दार जोरात लागलं तर दाराकडे वळून काहीतरी पुटपुटायचा, कानावर हात ठेवून. झोपायला गेल्यावर परत उठून यायचा. "बाबा, मी काहीतरी विसरलो असेन. त्याचीही."

आणि आम्हाला अभिमान वाटायचा!

मी मंडळीत सांगत फिरलो. रविवारी कॉफीला बसलो की, "आमच्या रूबेनचं मन फार कोवळं आहे हो. देवाने जागं ठेवलंय त्याला." म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. इतर बाप आपल्या पोरांना सांगायचे, रूबेनसारखं व्हा. बाहेरचा कुणी असता तर म्हणाला असता, अहो, पोरगं घाबरलंय. आम्हाला ते दिसलंच नाही. आमच्याकडे भीतीचा आवाजही कृपेसारखाच ऐकू येतो.

मंगळवार, २८ जानेवारी

मार्थाला सांगितलं. भांडी पुसत होती.

"मी सिनेमाला गेलो होतो. दोनदा."

"माहितेय," म्हणाली. "दोन नव्या कानशी पडल्यात ट्रकमध्ये. कसा आहे?"

"काय कसा आहे?"

"सिनेमा. टॅबिथाला दाखवण्यासारखा आहे का?" टॅबिथा आमची धाकटी, आठ वर्षांची.

म्हटलं, "वाईट काही नाही त्यात. मारामारी आहे, पण रक्त नाही. शिवी नाही. मुलं हसतात."

"मग असा पांढराफटक का पडलायस?"

मग मी सगळं सांगितलं. वही, भट्टी, कान. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी फडका टांगला आणि म्हणाली, "वॉरन, मी तिथेच उभी होते. टॉवेल घेऊन. विसरलास?"

"तू काही केलं नव्हतंस."

"तेच तर." मग म्हणाली, "मी चार वर्षांपूर्वी माफी मागितली त्याच्याकडे. वाचनालयातल्या फोनवरून. महिन्यातून एकदा बोलतो आम्ही."

चार वर्षं! मी विचारलं, "काय म्हणाला तो?"

"ते माझं आहे. तुला नाही सांगणार."

"मला का नाही सांगितलंस, तुम्ही बोलता म्हणून?"

"तू कधी विचारलंस, तो जिवंत आहे का म्हणून?"

रविवार, २ फेब्रुवारी

प्रार्थनेनंतर एलमरकडे गेलो. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आमचे उपदेशक. आयुष्यभर छपरं घातली, आता गुडघे गेलेत. त्यांच्या सुनेने वेलदोड्याचा पाव कापला.

मी म्हटलं, "एलमर, मी थिएटरात गेलो. बायकोशी खोटं बोललो. आणि अठरा वर्षांपूर्वी माझ्या मुलावर एक अन्याय केला. मला माफ कराल?"

त्यांनी लगेच हात ठेवला. क्षमा झाली, असा विश्वास धर. त्यांचा आवाज मऊ आहे, तो ऐकला की मला लहान झाल्यासारखं वाटतं. वाटायचं.

"झालं की मग," म्हणाले. "आता परत उकरायचं नाही. प्रभूच्या रक्ताखाली गेलं ते." मग पावाला लोणी लावत हळूच विचारलं, "तसा होता कसा रे सिनेमा? नातवंडं गुपचूप बोलत असतात. तो म्हणे नांगराशी भांडतो?"

"होय. टपालपेट्या खातो तो नांगर."

एलमर हसले. इतके हसले की लोण्याची सुरी खाली ठेवावी लागली. "आमच्या गावचाच दिसतोय!"

घरी येताना वाटलं, हलकं वाटायला हवं. आजवर नेहमी वाटलंय. आज ट्रकमध्ये माझ्याबरोबर कुणीतरी बसलेलं होतं. नऊ वर्षांचं. बोलत नव्हतं. मी हीटर त्याच्या बाजूला वळवला— असा वेडेपणा!

क्षमा मागितली मी चुकीच्या माणसाकडे. एलमरचं मी काय जाळलं होतं?

बुधवार, ५ फेब्रुवारी

रूबेनला पत्र लिहिलं. वाचून पाहिलं. अर्धं पत्र माझ्याच दुःखाबद्दल होतं. फाडलं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आज जे झालं ते लिहायलाच हवं.

दुपारी मी स्वयंपाकघरात बूट घालत होतो. टॅबिथा ओट्यापाशी दही ढवळत होती. तिच्या हातून चमचा पडला. नुसता चमचा! काही सांडलं नाही, काही फुटलं नाही. मी मान वर करून पाहिलं, एवढंच.

"माफ करशील, बाबा?"

हिने तो सिनेमा पाहिलेला नाही. रूबेन गेला तेव्हा ही पाळण्यात होती.

मी म्हटलं, "बाळा, माफ करण्यासारखं काही झालंच नाही."

तिने मान हलवली, पण गेली नाही. तिथेच उभी. चमचा उचललेला नाही. माझ्या तोंडाकडे बघत. मी पुन्हा म्हटलं, "काही नाही झालं गं. जा, खेळ." ती म्हणाली, "पण बाबा, तू म्हटलं नाहीस ना. तू म्हण ना ते!"

मी म्हटलं. सगळे शब्द. ती पळत बाहेर गेली.

मी बराच वेळ एक बूट पायात, एक हातात घेऊन बसलो होतो. चमचा मीच उचलला.

सोमवार, १० फेब्रुवारी

मार्थाने रूबेनचा पत्ता आणि फोन नंबर दिला. कागदावर लिहून माझ्या डब्यात ठेवला, सँडविचखाली.

"फोन कर आधी," म्हणाली.

"आवाज ऐकून ठेवला तर त्याने?"

"तर ठेवेल."

केला. त्याचं निरोप घेणारं यंत्र बोललं. त्याचा आवाज आता जाड झालाय. मी काही न बोलता ठेवून दिला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

डेलला खरं सांगितलं— की तो किन्नुनेन माझा मुलगा आहे, की मी दोनदा पाहून आलो.

डेलने यंत्र बंद केलं. "तुझा? अरे, मग तू असा सुतकात असल्यासारखा का फिरतोयस? माझ्या पोराने नुसता गोल केला तरी मी अख्ख्या बारला सांगतो!" मग माझ्याकडे नीट पाहिलं. त्याचं हसू गेलं. "कधीपासून बोलला नाहीयेस त्याच्याशी?"

"आठ वर्षं."

"शनिवारी जा. सोमवारी पोचला नाहीस तर मालकाला मी बघतो. आणि ऐक, शिकागोत गाडी लावायला जागा मिळत नाही, लांब लाव आणि चालत जा. तिथे कुणी हात करून थांबवत नाही आपल्याकडच्यासारखं. तूही करू नकोस, वेडा समजतील."

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

उद्या पहाटे निघायचं. सात तास, रस्ता मोकळा असला तर. मार्थाने वाटेसाठी पॅस्टी, मांस-बटाट्याच्या मोठ्या करंज्या, बांधल्यात.

एक भीती आहे, ती मार्थालाही सांगितली नाही.

आमच्यात विचारलं की द्यावंच लागतं. माफ करशील म्हटल्यावर नाही म्हणायची सोयच नाही. मी चाळीस वर्षं विचारतोय, चाळीस वर्षं मिळतेय. नाही म्हणणारा माणूस मी पाहिलेला नाही. म्हणजे मी त्याच्या दारात जाऊन हे विचारणं म्हणजे पुन्हा त्याला भट्टीपाशी उभं करणं तर नव्हे? तेव्हा मी त्याच्याकडून जबरदस्तीने माफी मागणं काढून घेतलं. आता देणं काढून घेईन. घरी येईन, हलका होईन, मंडळीत सांगेन. म्हातारे रडतील.

नाही. मंडळीत सांगायचं नाही. काहीही झालं तरी.

प्रार्थनेला गुडघ्यांवर बसलो. तसाच बसून राहिलो. तेवढंच जमलं.

रविवार, १६ फेब्रुवारी, शिकागो

विचारलं.

दारातच, कोट काढायच्या आधी, नाहीतर राहिलं असतं. वही, भट्टी, मंडळीत मिरवलं ते— सगळं एकेक नाव घेऊन. उत्तर द्यायलाच हवं असं नाही, हेही सांगितलं.

तो म्हणाला, "नाही, बाबा. अजून नाही."

मी म्हटलं, "बरं."

त्याने मला आत घेतलं. रात्री त्याच्या कोचावर झोपलो. आता तो खाली अंडी आणायला गेलाय, आणि मी त्याच्या टेबलावर हे लिहितोय.

सरळ उभा राहून नाही म्हणाला. आणि नाही म्हटल्याबद्दल त्याने माझी माफी मागितली नाही.